वजनाच्या अटीला मदतीची जोड द्या : बेळगाव सीमाभागातील सांधेरोपण शल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि परिसरात गुडघ्याचे व खुब्याचे सांधेरोपण करणारे सर्व अस्थिशल्यचिकित्सक

आदरणीय डॉक्टर महोदय आणि महोदया,

सविनय नमस्कार.

गुडघा बदलण्यासाठी आपल्याकडे आलेल्या स्थूल रुग्णाला "आधी पंधरा किलो वजन उतरवा, मग बघू" असे सांगून घरी पाठवण्याची पद्धत आपल्या भागात आता चांगलीच रूढ झाली आहे. या सल्ल्यामागचे वैद्यकीय कारण मला मान्य आहे. तक्रार आहे ती सल्ला दिल्यानंतरच्या शांततेबद्दल. वजन किती, कशाने आणि किती दिवसांत उतरवायचे, मध्ये कोणाला भेटायचे आणि उतरलेच नाही तर पुढे काय, याविषयी त्या रुग्णाच्या फाईलमध्ये बहुधा एक ओळही नसते. मी खानापूर तालुक्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि आपण परत पाठवलेली माणसे त्यानंतर बहुतेक वेळा माझ्यासारख्यांच्या दारात येतात. त्यांच्या वतीने आणि थोडे माझ्या पेशाच्या वतीनेही हे पत्र लिहीत आहे.

जड शरीराच्या रुग्णावर सांधेरोपण करताना आपण कोणता धोका पत्करता, याची मला कल्पना आहे. चरबीचा थर जाड असला की जखम उशिरा भरते, तिला पाणी सुटते, जंतुसंसर्गाची शक्यता वाढते आणि हा संसर्ग कृत्रिम सांध्यापर्यंत पोचला तर बसवलेला सांधा काढून, कित्येक आठवडे प्रतिजैविके देऊन, पुन्हा नवा बसवण्याची पाळी येते. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होणे, झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारामुळे भूल देताना अडचणी येणे आणि सांधा लवकर सैल होऊन शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागणे, हेही धोके बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 40 च्या पुढे गेल्यावर ठळकपणे वाढतात. असा एक रुग्ण बिघडला की नातेवाईक भूलतज्ज्ञाला विचारत नाहीत आणि चरबीलाही विचारत नाहीत. ते शल्यचिकित्सकाची कॉलर धरतात. म्हणून आपली सावधगिरी मला समजते.

वजन उतरल्याचा फायदा शस्त्रक्रियेपुरताही नाही. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिना चढताना त्याहून अधिक. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की, एक किलो वजन कमी झाले तर दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. त्याच संशोधकांच्या पुढच्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि दीड वर्ष चाललेल्या चाचणीत गुडघेदुखीचे 454 स्थूल रुग्ण होते. त्यांच्यातील आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळलेल्या गटाचे वजन सरासरी सुमारे 11 टक्क्यांनी उतरले आणि केवळ व्यायाम किंवा केवळ आहार पाळणाऱ्यांपेक्षा त्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या. आमच्याकडेही असे अनुभव आहेत की, सहा-सात किलो उतरलेली बाई म्हणते, "आता एवढं दुखत नाही, ऑपरेशन पुढच्या वर्षी बघू या." मात्र अशा बायका थोड्या आहेत आणि त्यांना घरातून व बाहेरून कोणीतरी सतत हात दिलेला असतो.

बाकीच्यांचे काय होते, ते आपल्या ओपीडीत दिसत नाही, म्हणून सांगते. वजन कमी करा म्हटले की आपल्या समाजाला एकच उपाय माहीत आहे, तो म्हणजे चालणे. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर किंवा किल्ला तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणारी माणसे पाहिली की वाटते, खरेच किती सोपे आहे. पण चौथ्या म्हणजे शेवटच्या अवस्थेतली झीज झालेला, आत वाकलेला गुडघा घेऊन साठीची बाई किती चालणार? एका मावशींना मी चालण्याबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "चालायला येत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, बाई?" मग दोन-तीन आठवडे त्या भात बंद करतात, रात्रीचे जेवण सोडतात, अशक्तपणा येतो, दोन किलो उतरतात आणि घरात कोणाचे तरी बारसे किंवा गावची यात्रा येते, तशी ते दोन्ही किलो परत येतात. त्यानंतर निराशा येते. कोणी शेक पावडरच्या डब्यांवर महिन्याला काही हजार घालवते. कोणी बाजारच्या दिवशी येणाऱ्या वैदूकडून "झटक्यात आराम" देणाऱ्या पुड्या घेते. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते आणि त्याने दुखणे दबते, पण भूक, साखर आणि वजन तिन्ही वाढतात. म्हणजे जी अट पुरी करण्यासाठी ती घरी गेली, त्या अटीपासून ती आणखी दूर जाते. आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत, ते मिरज, कोल्हापूर किंवा गोवा गाठतात. तिथे वजनाचा प्रश्न कोणी विचारला नाही तर पुढच्याच आठवड्यात गुडघा बदलून येतात. अट पाळायची राहते ती गरिबांनी.

आपण ज्या आकड्यावर बोट ठेवता, त्या आकड्याविषयीही थोडे बोलायला हवे. सांधेरोपण करणाऱ्या अमेरिकी शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या कार्यगटाने 2013 मध्ये असे मत दिले होते की, बीएमआय 40 च्या वर असेल, विशेषतः सोबत इतर आजार असतील, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा विचार करावा. हा 40 चा आकडा आज अनेक ठिकाणी वापरला जातो. पण पुढे त्याच संघटनेने संधिवाततज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेसोबत 2023 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वजनाची किंवा बीएमआयची ठरावीक मर्यादा गाठेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवू नये, अशी सशर्त शिफारस आहे. त्यांनीच हेही नोंदवले की, या प्रश्नावरचा उपलब्ध पुरावा भक्कम नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत केवळ बीएमआयच्या कारणाने कोणालाही सांधेरोपणाच्या तपासणीपासून वगळू नये, असे स्पष्ट म्हटले आणि त्याच कागदात वजन उतरवण्याचा आग्रहही धरला. दोन्ही गोष्टी एकत्र सांगता येतात, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

आता हा आकडा आपल्या बायकांना लावून पाहू. उंची 150 सेंटिमीटर आणि वजन 90 किलो असेल, तर बीएमआय बरोबर 40 येतो. 35 च्या खाली यायचे तर तिला अकरा किलोंहून अधिक वजन उतरवावे लागेल. पण पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि पाठीत पोक आलेल्या बाईची उंची मोजली जाते, तेव्हा ती तिच्या खऱ्या उंचीपेक्षा कमी भरते आणि दोनच सेंटिमीटर कमी भरली तरी तोच बीएमआय 41 च्या पुढे जातो. बीएमआयला चरबी पोटावर आहे की मांडीवर, तेही कळत नाही आणि स्नायू किती उरला आहे, तेही कळत नाही. गुडघ्यावरच्या कातडीखाली चरबीचा थर किती आहे, हे तुमच्या बोटांना त्या आकड्यापेक्षा नेमके कळते. भारतीयांसाठी 25 च्या पुढे स्थूलता मानावी, असे म्हणतात ते मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याच्या दृष्टीने आहे आणि ते योग्यच आहे. पण काही ठिकाणी तोच आकडा दाखवून 28-30 बीएमआय असलेल्या रुग्णालाही "जाड आहात" म्हणून परत पाठवल्याचे मी ऐकले, तेव्हा खरोखर आश्चर्य वाटले.

याउलट, ज्या कारणांसाठी थांबणे खरोखर रास्त आहे, त्यांतल्या एका कारणाकडे आपल्याकडे लक्षच जात नाही. 2023 च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत साखर ताब्यात नसेल तर ती आणेपर्यंत आणि निकोटिनचे व्यसन कमी होईपर्यंत किंवा सुटेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवावी, असे सांगितले आहे. तीन महिन्यांची साखर आपण सर्वजण तपासता, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तंबाखूचे मात्र वेगळे आहे. निपाणी हे तंबाखूचे गाव, आणि आपल्या सगळ्या पट्ट्यात बायकांमध्ये मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावण्याची सवय खोलवर रुजलेली. "तंबाखू खाता का?" असे विचारले की बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणते, कारण तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावणाऱ्या बाईच्या रक्तात निकोटिन जातेच आणि निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखमेला रक्त कमी मिळते. वजनाच्या अटीत सहा महिने घालवलेली बाई मिश्री सोडल्याविना टेबलावर जाते, ही विसंगती आहे. कृपया "मिश्री लावता का?" असा प्रश्न त्याच शब्दांत विचारा आणि तो सुनेसमोर विचारू नका, खरे उत्तर मिळणार नाही.

आता आहाराकडे येते. या भागातल्या रुग्णाला आहाराचा जो छापील कागद दिला जातो, तो मी अनेकदा पाहिला आहे. त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते, ऑलिव्हचे तेल असते, कधी इंग्रजीत तर कधी कन्नडमध्ये असतो आणि तो घरी नेऊन देवघरात औषधांच्या पिशवीत ठेवला जातो. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात घरचा भात पिकतो आणि दोन्ही वेळा ताटात भातच असतो. निपाणी-चिक्कोडीकडे ज्वारीची भाकरी अधिक. शेतावर रोप लावणीला दिवसभर वाकणाऱ्या बाईला पाच डाव भात लागत होता, हे खरे. गुडघ्याने तिला पाच वर्षांपूर्वी घरात बसवले, पण डाव तेवढेच राहिले. माझ्या मते आपल्याकडच्या स्थूलतेचे मोठे कारण हेच आहे, खादाडपणा नव्हे. कष्ट संपले आणि ताट तसेच राहिले. त्यात घरातले उरलेले अन्न टाकायचे नाही म्हणून शेवटी जेवणारी बाईच ते संपवते.

म्हणून "भात बंद" हा सल्ला मी देत नाही, कारण तो टिकत नाही. भात एक डाव, त्याच्या दुप्पट भाजी, वाटीभर मटकी, हुलगा किंवा मसुरीची घट्ट उसळ, ताक आणि असल्यास अंडे, असे ताट समोर मांडून दाखवले की ते समजते. खानापूरकडे नाचणी घरचीच असते. एका वेळच्या भाताऐवजी नाचणीची भाकरी चालते. चहाचा हिशेब सगळ्यांना चकित करतो. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर आणि 160 ते 200 कॅलरी, त्याही पोटाला काही आधार न देता. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेलाचा डबा संपत असेल तर माणशी रोज 40 मिलीच्या आसपास तेल जाते, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी. घरात बसून असलेल्या बाईला त्याच्या निम्मे पुरते. संकष्टी, एकादशी आणि गुरुवार धरणाऱ्या बायकांना साबुदाण्याच्या खिचडीविषयी बोलताना मी जरा जपून बोलते. उपवास सोडा असे सांगत नाही, वरी आणि ताक, फळ असे सुचवते. बेळगावची ती गोड मिठाई, कुंदा, मात्र पाहुण्यांसाठी आहे, असे हसत सांगावे लागते. लष्करातून निवृत्त झालेले आमचे काही काका मंडळी तर मराठा रेजिमेंटमधल्या लंगराची भूक घेऊनच घरी आलेली आहेत आणि पीटी मात्र तिथेच ठेवून आली आहेत. त्यांच्याशी बोलताना शिस्तीची भाषा उपयोगी पडते.

उपाशी राहून वजन उतरवण्याविरुद्ध आपण स्वतः ठामपणे बोलायला हवे, कारण रुग्ण आमच्यापेक्षा तुमचे ऐकतो. झपाट्याने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातो. जाड दिसणारी बाई कुपोषित असू शकते. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन 3.5 च्या खाली असेल तर जखम नीट न भरण्याचा धोका तिलाही आहे आणि ही तपासणी स्वस्त आहे. आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो, या गतीने तीन महिन्यांत पाच ते आठ किलो उतरणे शक्य असते. 90 किलोच्या माणसाला हे पाच ते नऊ टक्क्यांच्या आसपास पडते आणि तेवढे पुरेसे अर्थपूर्ण आहे. त्या काळात प्रथिने कमी पडू द्यायची नाहीत. मात्र वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्या खाल्लेल्यांची मूत्रपिंडे तपासूनच प्रथिने वाढवायची.

व्यायाम हा माझा प्रांत आहे, तेव्हा इथे थोडे अधिकाराने बोलते. शस्त्रक्रियेआधीच्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. वजन ताटातून उतरते. व्यायाम लागतो तो मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी, जो दुखऱ्या गुडघ्यामुळे आधीच झडलेला असतो आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आणखी झडतो. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे, कुशीवर वळून वरचा पाय बाजूला नेणे, उंच खुर्चीवरून हाताचा आधार घेत उठणे-बसणे, खुर्चीत बसूनच पायडल फिरवणे, हे सगळे घरी करता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. वॉकर शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा हातात देण्यापेक्षा आधी महिनाभर दिला, तर जड रुग्णाचे दंड तयार होतात आणि दुसऱ्या दिवशी उभे राहताना तो घाबरत नाही. घरात कमोडची खुर्ची, उंच पलंग आणि जमिनीवर बसून स्वयंपाक करण्याऐवजी ओटा, याची व्यवस्थाही याच काळात व्हायला हवी. आपल्यापैकी काहीजण रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे पाठवता, त्याबद्दल आभार. वजनासाठी परत पाठवताना त्याच दिवशी पाठवलेत, तर ते तीन महिने वाया जाणार नाहीत.

नव्या औषधांविषयी रुग्ण आता स्वतःहून विचारू लागले आहेत. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची, गुडघ्याची झीज असलेल्या 407 स्थूल रुग्णांवरची चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 13.7 टक्के, तर इतरांचे 3.2 टक्के उतरले आणि वेदनाही औषधाच्या गटात स्पष्टपणे अधिक घटल्या. 2025 पासून वजनासाठीची ही इंजेक्शने भारतात मिळू लागली आहेत. ज्याला परवडेल त्याला फिजिशियनच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होऊ शकतो, पण स्नायू टिकवण्याचा व्यायाम सोबत नसेल तर हाती येणारा रुग्ण हलका आणि दुबळा असेल. शिवाय या औषधाने पोट उशिरा रिकामे होते, त्यामुळे भूलतज्ज्ञाला ते आधी कळलेच पाहिजे. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना कोणी ते घेऊ नये, हे रुग्णाला तुमच्या तोंडून ऐकू द्या. वजन उतरवण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग अति स्थूल रुग्णांपैकी काहींना योग्य ठरतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील 82 रुग्णांच्या चाचणीत, आधी जठरावर पट्टी बसवून वजन उतरवलेल्यांपैकी सुमारे 29 टक्के लोकांनी बरे वाटल्यामुळे गुडघा बदलण्याचे नाकारले. आपल्या भागातल्या शेतकरी बाईसाठी हा मार्ग आज दूरचा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

पैशांचे गणितही आड येते. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली आणि सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियम सांधा करांशिवाय 54,720 रुपयांवर आला, याचा लाभ आपल्या लोकांना नक्कीच झाला. पण आयुष्मान भारतच्या चौकटीत दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच काळ येतो. तीन महिन्यांची तयारी त्या चौकटीच्या बाहेर राहते आणि तिचा खर्च रुग्णानेच करायचा असतो. त्यासाठी आरोग्य खात्याकडे मागणी करायला हवी आणि ती मागणी माझ्यासारखीने करण्यापेक्षा आपण सर्वांनी सह्या करून केलीत तर तिला वजन येईल. तोवर जे हाताशी आहे ते वापरता येते. तालुका रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांचे दवाखाने आहेत, गावात आशाताई आणि आयुष्मान आरोग्य मंदिरे आहेत, वजनकाटा आणि साखर तपासण्याची सोय तिथे आहे. जून 2023 पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा तालुक्याला येणे आता पूर्वीइतके जड जात नाही. बेळगाव शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, फिजिओथेरपीचे शिक्षण आहे, शिकणारी मुले आहेत. कमतरता कोणीतरी हे सारे एका चिठ्ठीत बांधून देण्याची आहे.

ती चिठ्ठी आपण सर्वांनी मिळून ठरवावी, अशी माझी विनंती आहे. एकट्या डॉक्टरने अट घातली तर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जातो, ही तुमची अडचण मी ओळखून आहे, म्हणूनच हे पत्र एकाला न लिहिता सर्वांना लिहिले आहे. त्या कागदावर आजचे वजन आणि पुढच्या तीन महिन्यांत गाठायचे वजन टक्क्यांत नव्हे, किलोत लिहिलेले असावे. पुढच्या तपासणीची तारीख असावी आणि शस्त्रक्रियेची संभाव्य तारीखही असावी, कारण तारीख हातात असलेला रुग्ण वाट पाहत नाही, तयारी करतो. आपले लोक सुगी आटोपल्यावर, संक्रांतीनंतर शस्त्रक्रियेचा विचार करतात. तयारी गणपती झाल्यावर सुरू केली तर दसरा-दिवाळी मध्ये येऊनही साडेतीन-चार महिने मिळतात. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत असावा आणि तो समजावताना घरात स्वयंपाक जिच्या हाती आहे, तिला समोर बसवावे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, त्या कागदावर शेवटी एक प्रश्न आणि त्याचे उत्तर असले पाहिजे: तीन महिन्यांनी वजन उतरले नाही तर काय? साखर ताब्यात आहे, मिश्री सुटली आहे, मांडीत ताकद आली आहे आणि प्रामाणिक प्रयत्न होऊनही काटा दोन किलोच खाली आला आहे, अशा रुग्णाला मी काय सांगू? तिला पुन्हा सहा महिने द्यायचे, की धोका समजावून, लेखी संमती घेऊन, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियनसह एकत्र निर्णय घ्यायचा? दोन वर्षे घरात बसून राहिलेल्या रुग्णाचा गुडघा आखडतो, स्नायू जातो, वजन वाढते आणि मग होणारी शस्त्रक्रिया आजच्यापेक्षा अवघड असते, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. शस्त्रक्रियेनंतर चालता येऊ लागले की वजन आपोआप उतरेल, अशी आशा बाळगणाऱ्यांनाही सांगायला हवे की, बहुतेकांचे ते उतरत नाही. त्यामुळे हा कागद शस्त्रक्रियेनंतरही वर्षभर चालू राहायला हवा.

मराठी मजकुराचा कच्चा मसुदा, इथल्या जेवणाच्या ताटाची चित्रे आणि घरी करायच्या व्यायामांची पाने माझ्याकडे तयार आहेत. गणपतीच्या आधी आपण एकत्र बसणार असाल तर ती घेऊन मी बेळगावात कुठेही येईन आणि त्यांत आपण सुचवाल ते बदल करून देईन.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यात काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट